नियम राहतो कुठे? : पीएचपी आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग



समोर दोन प्रकारची मंडळी बसलेली मला दिसतात. काही जण रोज कोड लिहितात. काहींनी कोडची एक ओळही कधी लिहिलेली नाही, पण बँकेच्या, वीजबिलाच्या, रेल्वेच्या संकेतस्थळांवर ते रोज जातात. दोघांसाठीही मी एकच प्रश्न घेऊन आलो आहे. संकेतस्थळामागे सर्व्हरवर जो प्रोग्राम चालतो, त्यात एखाद्या संस्थेचा नियम नेमका कुठे राहतो? ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या प्रश्नाभोवती आहे.

समजा, एक वाचनालय आहे. सभासद क्रमांक टाकला की त्याच्याकडे कोणती पुस्तकं आहेत, ती कधी परत करायची, उशीर झाला असेल तर दंड किती, हे दाखवणारं एक पान हवं आहे. पीएचपी या भाषेत हे पान नवशिका मुलगाही एका दुपारीत लिहून देतो. फाइलच्या माथ्याशी डेटाबेसची जोडणी. खाली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. मग एचटीएमएलचा तक्ता सुरू करायचा आणि एकेका ओळीत पुस्तकाचं नाव, तारीख छापत जायचं. शेवटच्या रकान्यात, तक्त्याच्या खुणांच्या मधोमध, आजच्या तारखेतून परतीची तारीख वजा करायची, दिवसाला एक रुपया या दराने गुणायचं आणि आकडा छापायचा. पान चालतं आणि ग्रंथपाल समाधानी होतात. या वेगामुळेच पीएचपी जगभर पसरली, हे आधीच मान्य करतो.

पुढे पावतीचं पान येतं. तिथेही दंड लागतो, म्हणून ती ओळ उचलून तिथे डकवली जाते. मग थकबाकीची मासिक यादी. मग सभासदांच्या मोबाइलवर जाणारा एसएमएस. चार फाइलींत एकच हिशेब चार वेळा. एक दिवस कार्यकारिणी ठराव करते की वाचनालय बंद असेल त्या दिवसांचा दंड धरायचा नाही. प्रोग्रामर तीन ठिकाणी दुरुस्ती करतो, एसएमएसची फाइल राहून जाते. सभासदाला मोबाइलवर ९ रुपये दिसतात आणि काउंटरवर ६. खरा आकडा कोणता, असं त्याने विचारलं तर ग्रंथपाल काय सांगणार? ठराव एक आहे, पण कोडमध्ये त्याला एक जागा नाही.

कोणी म्हणेल, यासाठी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीतला क्लास कशाला? दंडाचं एक फंक्शन करा, वेगळ्या फाइलीत ठेवा आणि चारही पानांत ती फाइल जोडून घ्या. अगदी बरोबर, पहिलं पाऊल तेच. फंक्शनने जिथे काम भागतं तिथे क्लास लिहू नये, या मताचा मी आहे. पण संस्था एका नियमावर थांबत नाही. बालसभासदांना दर निम्मा होतो, आजीव सभासदांना चार दिवसांची सवलत मिळते, दंडाला कमाल मर्यादा येते, सुट्ट्यांची यादी दरवर्षी बदलते. फंक्शनला आता सहा गोष्टी पुरवाव्या लागतात आणि चारही पानांना त्या सहा गोष्टी गोळा करून आणाव्या लागतात. हिशेब एका जागी आला, पण त्याचं साहित्य पुन्हा चार जागी विखुरलं. इथे ऑब्जेक्ट कामाला येतो. दर, सवलत, मर्यादा, सुट्ट्या त्याच्याकडे एकदाच सुपूर्द करायच्या. तो त्या आपल्यापाशी ठेवतो आणि बाहेरच्यांना एकच प्रश्न विचारू देतो: ही परतीची तारीख, ही प्रत्यक्ष जमा केल्याची तारीख, दंड किती? माहिती आणि त्या माहितीवरचा नियम एकत्र राहतात, आणि पावतीच्या पानाला आतलं काही दिसत नाही. क्लास म्हणजे त्याचा लेखी आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या आराखड्यावरून चालू प्रोग्राममध्ये तयार झालेली चीज.

हा विचार वेबपेक्षा फार जुना आहे. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी १९६०च्या दशकात सिम्युला ही भाषा घडवली. क्लास आणि ऑब्जेक्ट या कल्पना आज आपण वापरतो त्या रूपात सिम्युला ६७मध्ये आल्या. त्यांना खऱ्या जगातल्या हालचालींची नक्कल संगणकावर करायची होती. पुलावरचा टोलनाका, तिथे रांगेत येणारे ट्रक आणि बस, हे त्यांच्या विचारातलं एक उदाहरण. ट्रक वेगळा, बस वेगळी, पण रांगेत उभं राहणं दोघांचं सारखंच. त्यातून सामाईक गुण वरच्या क्लासमध्ये ठेवायचे आणि वेगळेपण खालच्या क्लासमध्ये, ही वारशाची कल्पना निघाली. पुढे १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक रचली, आणि भर एकमेकांना निरोप पाठवणाऱ्या ऑब्जेक्टांवर गेला. डाल आणि न्यूगार्ड यांना २००१चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. दोघेही २००२ साली गेले.

सिम्युलातला ट्रक नक्कल चालू असेपर्यंत जगतो. रांगेत थांबतो, टोल भरतो, पुढे जातो. पीएचपीतला ऑब्जेक्ट असा जगत नाही. ब्राउझरकडून मागणी येते, सर्व्हर कोड चालवायला घेतो, ऑब्जेक्ट तयार होतात, पान पाठवलं जातं आणि स्मृतीतलं सगळं पुसलं जातं. पुढच्या मागणीला पाटी पुन्हा कोरी. टिकतं ते डेटाबेसमध्ये, फार तर सेशनमध्ये. म्हणजे सभासद नावाचा ऑब्जेक्ट काही क्षणांचा पाहुणा असतो. मग जगाचं हुबेहूब चित्र काढायला शिकवणारी ही पद्धत अशा क्षणजीवी जागी आणायची कशासाठी? विद्यार्थी हे विचारतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण त्यांना खरी अडचण दिसलेली असते.

माझं उत्तर डेव्हिड पार्नास यांच्या १९७२च्या निबंधातून येतं. ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात तो आला. प्रोग्रामचे भाग कसे पाडावेत, एवढाच त्याचा विषय. त्यांनी शब्दसूची बनवणारा एक छोटा प्रोग्राम घेतला आणि तो दोन प्रकारे विभागून दाखवला. पहिला प्रकार कामाच्या क्रमाने: आधी वाचा, मग फिरवा, मग लावा, मग छापा. दुसऱ्या प्रकारात उद्या बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय शोधायचा आणि तो एकेका भागाच्या पोटात लपवायचा. त्यांचा कौल दुसऱ्याच्या बाजूने होता. वाचनालयाचं आपलं पान पहिल्या प्रकारचं आहे: जोडा, मागा, मोजा, छापा. दंडाचा ऑब्जेक्ट दुसऱ्या प्रकारचा आहे. तो क्षणभर जगला तरी बिघडत नाही, कारण त्याच्या क्लासमध्ये लपलेला निर्णय वर्षानुवर्षं टिकायचा असतो आणि अधूनमधून बदलायचा असतो. सर्व्हरवरच्या ऑब्जेक्टचं मोल मी यात मानतो. जगाचं चित्र किती हुबेहूब उतरलं, याला सर्व्हरवर फारसं महत्त्व नाही.

आता पीएचपीकडे वळतो, कारण ही पद्धत एखाद्या भाषेत नंतर आणली की काय काय होतं ते तिच्या इतिहासात स्वच्छ दिसतं. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनडात शिकलेल्या रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ साली आपल्या वैयक्तिक पानावर कोण येऊन गेलं हे कळावं म्हणून सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले. जून १९९५मध्ये ते ‘पर्सनल होम पेज टूल्स’ या नावाने सर्वांसाठी खुले केले. १९९७मध्ये इस्रायलमधल्या अँडी गुटमन्स आणि झीव्ह सुरास्की या दोन विद्यार्थ्यांना विद्यापीठातल्या प्रकल्पासाठी ही साधनं अपुरी पडली आणि त्यांनी गाभा नव्याने लिहायला घेतला. १९९८मध्ये पीएचपी ३ आली. क्लास तिच्यात होते, पण मूळ बेतात नव्हते. सुरास्की यांनी स्वतः ते नंतर लिहून ठेवलं आहे. नाव देऊन मूल्यं ठेवायच्या यादीला फंक्शनं जोडावीत, इतपतच त्यांची घडण होती.

मे २००० मधल्या पीएचपी ४मध्येही ही घडण बदलली नाही आणि त्यातून एक विचित्र दोष कामाच्या मध्ये यायचा. खरेदीच्या टोपलीचा एक ऑब्जेक्ट आहे. तो तुम्ही एका फंक्शनकडे दिलात, फंक्शनने त्यात वस्तू घातली, आणि परत येऊन पाहता तर टोपली रिकामीच! कारण फंक्शनकडे टोपली गेलीच नव्हती, तिची प्रत गेली होती. आकडा किंवा शब्द देताना प्रत जावी हे ठीक. ऑब्जेक्टची मात्र ओळखच त्याच्या एकपणात असते, आणि ती गेली की पद्धतीचा पायाच सरकतो. मग प्रोग्रामर जागोजागी मूळ ऑब्जेक्टचा संदर्भ मागणारं ‘अँड’चं चिन्ह पेरत. एका ठिकाणी ते विसरलं की अख्खा दिवस दोष शोधण्यात जाई. पीएचपीतले क्लास नकोत असं म्हणणारी जी पिढी आहे, तिचा राग इथला आहे आणि तो खरा आहे.

१३ जुलै २००४ रोजी पीएचपी ५ आली आणि आतलं इंजिनच बदललं. ऑब्जेक्ट दिला की आता त्याची खूण जाते. प्रत हवी असेल तर ती स्पष्ट शब्दांत मागावी लागते. आतली मूल्यं खासगी ठेवण्याची सोय झाली, म्हणजे पार्नास म्हणत होते ते लपवणं भाषेनेच पाळून घेतलं. इंटरफेस आले, चूक झाली तर ती वरच्या पातळीवर कळवणारी एक्सेप्शन्स आली. भाषा तयार झाली, पण लोक हलेनात. होस्टिंग कंपन्या जुन्या ग्राहकांची पानं मोडतील म्हणून पीएचपी ५ बसवत नव्हत्या, आणि प्रकल्प होस्टिंग नाही म्हणून पीएचपी ४ सोडत नव्हते. शेवटी संकेतस्थळं चालवणारं ड्रुपल, डेटाबेस हाताळणारं पीएचपीमायॲडमिन अशा अनेक मुक्त प्रकल्पांनी एकत्र येऊन ५ फेब्रुवारी २००८ ही तारीख ठरवली आणि त्यानंतरच्या आपल्या नव्या आवृत्त्या पीएचपी ४वर चालणार नाहीत असं जाहीर केलं. कुणीही एकट्याने हे केलं असतं तर लोक त्याला सोडून गेले असते. एकत्र केल्यामुळे ते साधलं. संगणकशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट सापडत नाही, पण नवी पद्धत रुजण्यात तिचा वाटा मोठा आहे.

नियम एका जागी ठेवल्याचा लाभ लोकांनी प्रत्यक्ष अनुभवला तो डिसेंबर २०१५मध्ये. माय-एसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं पीएचपी ७मधून काढून टाकली गेली. २०१३पासून त्यांबद्दल इशारा छापून येत होता. ज्यांच्या संकेतस्थळात ती शेकडो फाइलींमध्ये पसरलेली होती, त्यांना प्रत्येक पान उघडावं लागलं. ज्यांनी डेटाबेसशी बोलण्याचं काम एका क्लासकडे दिलं होतं, त्यांना एक फाइल बदलावी लागली. यात सुरक्षेचाही प्रश्न होता. जुन्या पद्धतीत वापरणाऱ्याने टाइप केलेला मजकूर क्वेरीच्या वाक्यात थेट जोडला जायचा, आणि दुष्ट हेतूने लिहिलेला मजकूर त्या क्वेरीचा अर्थच बदलू शकायचा. पीडीओ या सुविधेत क्वेरीचा साचा आणि मजकूर वेगवेगळे पाठवता येतात. शेकडो ठिकाणी काळजी घेणं माणसाच्या आवाक्यात नसतं, एका ठिकाणी असतं.

पुढची वाटचाल भराभर सांगतो. २००९च्या पीएचपी ५.३मध्ये नेमस्पेस आले. त्याआधी दोघांच्या क्लासची नावं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ‘झेंड_डीबी_टेबल_ॲबस्ट्रॅक्ट’ अशी आगगाडीसारखी नावं द्यावी लागत. त्याच वर्षी वेगवेगळ्या फ्रेमवर्कांच्या, म्हणजे संकेतस्थळ बांधायच्या तयार सांगाड्यांच्या, लोकांनी एकत्र बसून क्लासची फाइल कुठे ठेवायची याचे संकेत ठरवायला सुरुवात केली. २०१२मध्ये निल्स आडरमान आणि जॉर्डी बोजियानो यांचा कंपोझर आला, आणि दुसऱ्याने लिहिलेला क्लास आपल्या प्रकल्पात एका आज्ञेने आणता येऊ लागला. सिंफनी, लारावेल ही फ्रेमवर्क आज या पायावर उभी आहेत.

दुसरी बाजूही मला तितक्याच कळकळीने मांडायची आहे. ड्रुपलचा जुना कोड जवळजवळ पूर्ण फंक्शनांचा होता. ठरावीक नावाचं फंक्शन लिहिलं की ड्रुपल योग्य वेळी त्याला बोलावून घेई. क्लास नसतानाही ऑब्जेक्टचा विचार कसा पाळला आहे, हे त्यांच्या दस्तऐवजात सविस्तर समजावलेलं होतं. नोव्हेंबर २०१५मध्ये ड्रुपल ८ आलं ते सिंफनीचे भाग घेऊन, क्लासांनी बांधलेलं. मोठ्या संस्थांचं काम सोपं झालं. पण स्वतःच्या हिमतीवर शिकून गावातल्या शाळेचं, सामाजिक संस्थेचं संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी दार जड झालं. अशांचा विचार करून काही ड्रुपल प्रोग्रामरांनी जुनी वाट धरून बॅकड्रॉप हा वेगळा प्रकल्प सुरू केला. वर्डप्रेसने उलटा मार्ग घेतला. २००३मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेला हा प्रकल्प मे २०१९पर्यंत पीएचपी ५.२.४सुद्धा चालवून घेत होता, म्हणजे नेमस्पेसच्याही आधीची आवृत्ती. त्यामुळे त्याच्या गाभ्यात जुन्या चालीची फंक्शनं आणि सर्वांना दिसणारी ग्लोबल चलं पुष्कळ राहिली. पण मराठीतली कितीतरी संकेतस्थळं ज्या लोकांनी उभी केली, त्यांना थीमची फाइल उघडून दोन ओळी बदलता आल्या त्या यामुळेच. ज्याला फक्त दोन ओळी बदलायच्या आहेत, त्याला आधी सात क्लास समजून घ्यायला लावणं हा अन्याय आहे. रचना करणाऱ्याने त्याची जाण ठेवायला हवी.

आणि हा अन्याय वाढवते ती शिकवण्याची रीत. प्राणी हा क्लास, कुत्रा आणि मांजर त्याचे वारस, दोघे वेगवेगळा आवाज काढतात, हे उदाहरण परीक्षेपुरतं ठीक. सर्व्हरवर काम करणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट समजते: वारसा म्हणजेच ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग. मग तो ‘पान’ हा क्लास करतो, त्याचा वारस ‘सभासदाचं पान’, त्याचा वारस ‘कर्मचाऱ्याचं पान’, आणि पाचव्या पिढीत पणजोबाला हात लावला की सगळी पानं पडतात. वारशापेक्षा ऑब्जेक्टच्या हाती दुसरा ऑब्जेक्ट द्यावा, हे १९९४च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकाने स्पष्ट सांगितलं आहे. पावतीला दंडाचा ऑब्जेक्ट द्या. पावतीने दंडाचा वारस व्हायची गरज नाही.

एक खर्च मात्र कोणी आधी सांगत नाही. समजा २०० सभासदांची यादी दाखवायची आहे. प्रत्येक सभासद हा ऑब्जेक्ट आणि त्याला आपली पुस्तकं विचारली की तो डेटाबेसला विचारून आणतो. वाचायला कोड सुंदर दिसतो, पण चालताना यादीची एक आणि सभासदांच्या २०० अशा २०१ क्वेऱ्या जातात आणि पान रेंगाळतं. जुन्या पद्धतीच्या पानात हेच काम एका क्वेरीत होऊन जाई. म्हणून ऑब्जेक्टने काय लपवलं हे पानाच्या लेखकाला माहीत नसलं तरी चालेल, पण ते किती महाग पडतं हे माहीत असायला हवं. लारावेलमध्ये संबंधित नोंदी एकत्र आधीच आणण्याची सोय आहे. ती वापरायची आठवण मात्र माणसालाच ठेवावी लागते.

मग चालू संकेतस्थळात ही पद्धत आणायची कशी? सगळं पाडून नव्याने लिहायचं नाही. २००४मध्ये मायकेल फेदर्स यांनी जुन्या कोडवर लिहिलेल्या पुस्तकात एक शिस्त सांगितली आहे: आहे तो कोड आज काय उत्तर देतो, ते आधी चाचणीत टिपून ठेवा. तेच करायचं. दंड दहा-बारा तऱ्हेच्या तारखांना किती येतो ते लिहून काढायचं, चुकीचा येत असला तरी. मग दंडाचा क्लास लिहायचा. त्यात क्वेरी नाही, एचटीएमएल नाही. आजची तारीखही त्याने स्वतः सर्व्हरच्या घड्याळातून घ्यायची नाही, बाहेरून द्यायची. याला कारण आहे. अनेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि तिथे तारीख बदलते तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेपाच झालेले असतात. मध्यरात्रीनंतर निघणारा एसएमएस त्यामुळे कालच्या तारखेने दंड मोजतो. तारीख बाहेरून दिली की हा दोष ब्राउझर न उघडता तपासता येतो: परतीची तारीख ५, जमा केली ९ तारखेला, उत्तर ४ रुपये यायला हवं. ७ तारखेला सुट्टी असेल तर ३.

क्लास बरोबर उत्तर देऊ लागला की पहिल्या पावलात केलेलं दंडाचं जुनं फंक्शन तसंच ठेवायचं, फक्त त्याच्या पोटात दोन ओळी: ऑब्जेक्ट बनवा, उत्तर द्या. चारही पानांना काही कळत नाही आणि वाचनालय एक दिवसही बंद पडत नाही. त्यानंतर एसएमएसच्या फाइलीपासून सुरुवात करून एकेक पान थेट क्लास वापरू लागेल असं बदलायचं. संपर्काच्या पानाला, वेळापत्रकाच्या पानाला हात लावायचा नाही, कारण त्यांत लपवण्यासारखा निर्णयच नाही. शेवटी सगळ्या फाइलींत जुन्या फंक्शनचं नाव शोधायचं, कुठेही उरलेलं नाही अशी खात्री करायची आणि मग ते काढून टाकायचं. याला सहा महिने लागले तरी लागू द्यावेत.